एक जीबीच्या अलीकडे

महापे, तिसरा मजला. एसी बंद पडून दोन तास झालेले.
टेबलावर तळहाताएवढा बोर्ड,
त्याच्या तीन पायांना तीन वायरी,
आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ:
कर्नल वाचत आहे.
वाचत आहे.
वाचतोच आहे.

जुन्या बोर्डावर हेच सगळं निमूट चालायचं.
त्याला मेमरी होती एकच जीबी.
नव्याला चार दिल्या, आणि हा गप्प झाला.
जास्त जागा मिळाल्यावर गप्प झालेली माणसं पाहिलीत मी,
साडेबारा टक्क्यांच्या बिल्डिंगींत.

विश्राम सर म्हणाले, व्होल्टेज बघ.
बघितलं. कार्ड बदललं. वायरी बदलल्या.
मग डेटाशीटच्या एकशे अठराव्या पानावर, तळटिपेत,
मुंगीच्या अक्षरात सापडलं:
कार्डावरून माल आणणाऱ्या यंत्राला
पत्त्यासाठी तारा फक्त तीस.
तीस तारांत मावतो तो पहिला जीबी.
त्यापुढं जग आहे, हे त्याला माहीतच नाही.

आणि आमचं फर्मवेअर हौशी.
जागा शोधतं ती सगळ्यात वरच्या टोकाकडून,
तिथला पत्ता देऊन मोकळं होतं.
यंत्र नाही म्हणत नाही. नाही म्हणायची त्याला सोयच नाही.
पत्त्याचे वरचे आकडे वाटेत गळतात,
आणि माल तळातल्या भलत्याच घरात उतरतो,
कुणाच्या तरी वाढलेल्या ताटावर.

फोन वाजला. मुझम्मिल, पार्सलवाला.
"मॅडम, सेक्टर बोला ना. मॅप इथंच संपतोय."
आमच्या घराला सेक्टर नाही.
घणसोली गाव, तलावामागं, चिंचेच्या पलीकडं, निळं दार:
हा पत्ता सिडकोच्या नकाशात कधी चढला नाही,
मोबाईलच्या तर नाहीच.
मागच्या महिन्यात माझी इस्त्री
सेक्टर सातातल्या दुसऱ्याच मढवीबाईंनी सही करून घेतली.
म्हटलं, नेहमीसारखं हिराजी मेडिकलात ठेव,
रस्त्याला लागून आहे. आई जाऊन आणेल.
फोन ठेवला,
आणि ठेवलेल्या फोनकडे बघत राहिले.

पहिल्या जीबीत चौसष्ट केबीची जागा राखली.
यंत्राला सांगितलं, तू इथवरच ये.
उतरव.
पुढचं प्रोसेसर उचलेल, वर नेऊन ठेवेल,
रिकाम्या हातांनी परत येईल.
सतरा एमबीचा कर्नल,
म्हणजे दोनशे बहात्तर खेपा.

बूट झाला.
मग झाला नाही.
मग झाला, झाला, झाला,
आणि नाही.

हे आईनं सोडवलं, तिच्या नकळत.
पावणेदहाला तिचा फोन:
"हिराजी बोलला, नाय आयलं.
मी बोलले, मनानं नको सांगू, काउंटरखाली वाकून बघ.
तं तिथंच होतं."

प्रोसेसरही मनानंच सांगत होता.
त्याच्या कॅशेत त्या जागेचं मघाचं चित्र,
तेच तो वर नेत होता, शिळं,
आणि ताजा माल पायाशी पडून.
एक ओळ वाढवली: उचलण्याआधी आठवण पुस.
वाकून बघ.

शंभर वेळा बंद, शंभर वेळा चालू.
विश्राम सर डबा धुऊन आले तरी मी मोजतच होते.
शंभर.
चाळीस मिलिसेकंद जास्त लागतात आता.
हा बसेल कोपरखैरण्याला, धारण तलावाच्या पंपखोलीत,
भरतीचं पाणी मोजत.
तिथं चाळीस मिलिसेकंदांनी कुणाचं अडत नाही.

फंक्शनला नाव द्यायचं होतं. हिराजी लिहिलं.
सरांनी खोडलं. बरोबरच आहे,
बाहेरच्याला काय कळणार.
पण वरच्या टिपेतली एक ओळ त्यांनी राहू दिली:
इथून पुढं गाडी जात नाही.
सामान इथं ठेवा. कोणीतरी येऊन नेईल.